नव्वद झाली, तरी शिट्टी का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोल्हापुरात बरीच वर्षं रेफ्री म्हणून उभा राहिलो. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी शेजारचा पाहुणा हाच प्रश्न टाकतो: "काय ओ, नव्वद झाली, वरची तीनही झाली, तरी शिट्टी का मारत नाही? आणि मारता ती नेमकी आमची चाल रंगात आल्यावरच कशी?"

पहिलं सोपं आहे. फुटबॉलमध्ये घड्याळ थांबत नाही. जखमी खेळाडू, बदली खेळाडू, कार्डं, गोलनंतरचा जल्लोष, मुद्दाम काढलेला वेळ, सगळं रेफ्री मनात धरतो आणि 45 मिनिटांच्या शेवटी भरून देतो. वाढीव मिनिटांचा बोर्ड मैदानाबाहेरचा चौथा पंच दाखवतो, आकडा मात्र रेफ्रीचा. आणि तो आकडा कमीत कमी असतो: वाढू शकतो, घटू शकत नाही. 2022च्या कतार वर्ल्ड कपमध्ये इंग्लंड-इराण सामन्यात इराणचा गोलकीपर आपल्याच खेळाडूला धडकला, आणि पूर्वार्धाला तब्बल 14 मिनिटं जोडली. त्याच वर्षी आफ्रिका कपमध्ये ट्युनिशिया-माली सामन्यात रेफ्रीनं एकदा 85व्या मिनिटाला शिट्टी मारली, चूक सुधारून खेळ सुरू केला आणि नव्वद पूर्ण व्हायच्या काही सेकंद आधी पुन्हा मारली! उन्हानं डोकं फिरलं होतं म्हणे. हसू नका, भर दुपारच्या मॅचला उभं राहून बघा.

दुसरं अवघड आहे. चाल पूर्ण होऊ द्यावी असं नियमात कुठंही नाही. सूट फक्त पेनल्टीला. वेळ संपली तरी ती घेऊ द्यावी लागते. कॉर्नरला नाही, फ्री किकला नाही. 1978च्या वर्ल्ड कपमध्ये ब्राझील-स्वीडन सामना 1-1 असताना ब्राझीलला कॉर्नर आला, त्यांच्या झिकोनं हेडरनं गोल केला, पण वेल्सचे रेफ्री क्लाइव्ह थॉमस यांनी चेंडू हवेत असतानाच शिट्टी मारली होती. नियमानं ते बरोबर होते. लोक मात्र आजवर त्यांनाच बोल लावतात.

म्हणून आम्ही बहुतेक रेफ्री पळवाट काढतो: चेंडू मधल्या भागात आला, गोलकीपरनं लांब लाथाडला की मग शिट्टी. कुणी ओरडत नाही. मीही वर्षानुवर्षं तेच केलं.

मग एका शालेय सामन्यात वेळ संपली असताना एक कॉर्नर घेऊ दिला. बरोबरीचा गोल झाला. सामना संपल्यावर हरता हरता वाचलेले नाचत होते, आणि दुसऱ्या बाजूचा गोलकीपर, चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा, हातमोजे काखेत धरून माझ्यापाशी आला. "सर, वेळ संपली होती?"

"होय."

"मग कॉर्नर कशासाठी दिला?"

थांबणं म्हणजे निष्पक्ष असणं, असं मी तोवर समजत होतो. पण थांबलो की फायदा हल्ला करणाऱ्याचा. आघाडी राखून धरणाऱ्याच्या हाती काय? पोराला काहीतरी गुळमुळीत सांगितलं.

आता कॉर्नर मिळाला आणि वेळ संपलेली असली, तर चेंडू कोपऱ्यात ठेवायच्या आधीच शिट्टी मारतो. चेंडू हवेत असताना मारायची छाती अजून होत नाही. शिव्या दोन्हीकडे आहेतच. फक्त गॅलरीची बाजू बदलली.