चिपच्या आधी बोर्ड पाहा: छोटे वायफाय बोर्ड निवडताना

ऑगस्ट 2014 च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी8266 चिप बसवलेले, ईएसपी-01 नावाचे आठ पिनांचे एक लहानसे मॉड्यूल जगभरातील हौशी मंडळींच्या हाती पडले. तोवर आर्डुइनोला, म्हणजे शिकणाऱ्यांच्या आवडत्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला, वायफाय द्यायचे म्हणजे मूळ बोर्डापेक्षा कितीतरी महाग असलेली शील्ड, म्हणजे वर बसवायचा जोडबोर्ड, विकत घ्यावी लागत असे, त्यामुळे विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रकल्प एलसीडीवर आकडे दाखवून थांबत. आज दोन-चारशे रुपयांत वायफाय, यूएसबी आणि पुरेशी मेमरी असलेला बोर्ड मिळतो. पर्याय मात्र इतके झाले आहेत की, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने चार वेगवेगळे बोर्ड समोर ठेवले, तर नवखा माणूस चिपचे नाव आणि किंमत एवढेच पाहून निवड करतो.

माझे मत असे आहे की, चिपचा विचार सर्वांत शेवटी करावा. तापमान मोजणे, टाकीची पातळी पाहणे, रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) चालू-बंद करणे अशा कामांना 80 मेगाहर्ट्झवर चालणारी जुनी ईएसपी8266 सुद्धा भरपूर पुरते. प्रकल्प अडतो तो चिपभोवतीच्या गोष्टींवर, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर कोणता आहे, बोर्ड सुरू होताना कोणते पिन कसे वागतात आणि अँटेना कुठे बसवली आहे यांवर. या तिन्ही गोष्टी दुकानात बोर्ड हातात घेऊन बऱ्याच अंशी तपासता येतात, आणि एकच चिप असलेल्या दोन बोर्डांत यांबाबत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

आधी रेग्युलेटर पाहू, कारण सर्वाधिक निराशा त्याच्यामुळे पदरी येते. या सगळ्या चिपा 3.3 व्होल्टवर चालतात आणि यूएसबीतून 5 व्होल्ट येतात, म्हणून बोर्डावर व्होल्टेज उतरवणारा एक भाग असतोच. नोडएमसीयू या ईएसपी8266 वरच्या लोकप्रिय बोर्डाच्या बहुतेक नमुन्यांवर तो एएमएस1117 असतो, म्हणजे तीन पाय आणि पाठीमागे रुंद पत्रा असलेला, भिंगाशिवायही अंकासकट वाचता येणारा काळा चौकोन. मोबाइलच्या चार्जरवर कायम चालणाऱ्या प्रकल्पासाठी तो उत्तम आहे. बॅटरीवर मात्र त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, 3.3 व्होल्ट बाहेर देण्यासाठी त्याला साधारण 4.4 व्होल्ट आत लागतात, आणि 18650 हा नेहमीचा लिथियम सेल पूर्ण चार्ज असतानाही 4.2 च्या वर जात नाही. दुसरी अडचण अशी की, हा रेग्युलेटर स्वतःसाठीच सुमारे 5 मिलिअँपिअर खातो, मग चिप जागी असो वा झोपलेली.

हा आकडा लहान वाटतो, म्हणून हिशेब मांडून पाहू. समजा, 2500 मिलिअँपिअर-तासांचा सेल आहे आणि कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणारा बोर्ड दर 15 मिनिटांनी 5 सेकंद जागा होऊन सरासरी 80 मिलिअँपिअर घेतो. याची सरासरी 0.45 मिलिअँपिअरच्या आत येते. डीप स्लीपमध्ये, म्हणजे चिपच्या गाढ झोपेत, ईएसपी8266 साधारण 20 मायक्रोअँपिअर आणि एस्प्रेसिफचीच नवी ईएसपी32-सी3 साधारण 5 मायक्रोअँपिअर घेते, त्यामुळे झोपेचा खर्च जवळपास नगण्य ठरतो. केवळ एवढाच खर्च असेल तर सेल सहा महिन्यांहून अधिक टिकायला हवा. त्यात रेग्युलेटरचे 5 मिलिअँपिअर मिळवले की तोच सेल तीन आठवड्यांच्या आत संपतो. प्रोग्राम तोच, चिप तीच, सेन्सर तोच. म्हणून बॅटरीच्या कामासाठी एमई6211 सारखा, आत-बाहेरच्या व्होल्टेजमधल्या कमी फरकावर चालणारा आणि स्वतः सुमारे 40 मायक्रोअँपिअरच खाणारा रेग्युलेटर असलेला बोर्ड शोधावा, किंवा नुसते मॉड्यूल घेऊन रेग्युलेटर स्वतः सोल्डर करावा. रेग्युलेटर निवडताना वायफाय प्रक्षेपणाच्या क्षणी तीनशे मिलिअँपिअरच्या आसपास जाणारा प्रवाह त्याला पेलतो का, हेही पाहावे. तो पेलला नाही, तर बोर्ड वायफायला जोडताना वारंवार रीसेट होतो आणि माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. बोर्डावर सतत पेटणारा लाल पॉवर एलईडी असेल तर तोही काढावा लागतो, कारण बॅटरीच्या हिशेबात तो एकटाच चिपच्या झोपेच्या कितीतरी पट प्रवाह घेतो.

आता पिनांकडे वळतो. ईएसपी8266 सुरू होताना काही पिनांची स्थिती वाचते आणि त्यावरून कुठल्या मोडमध्ये जायचे ते ठरवते. जीपीआयओ (चिपचे क्रमांकित इनपुट-आउटपुट पिन) 0 आणि 2 त्या क्षणी वर, म्हणजे 3.3 व्होल्टवर, असावे लागतात आणि जीपीआयओ 15 खाली, म्हणजे शून्य व्होल्टवर, असावा लागतो. डी1 मिनी या ईएसपी8266 वरच्या लहान बोर्डावर याच पिनांवर डी3, डी4 आणि डी8 असे छापलेले असते, त्यामुळे पाहणाऱ्याला ते इतर पिनांसारखेच साधे वाटतात. बाजारात मिळणारे बहुतेक रिले मॉड्यूल पिन खाली गेल्यावर चालू होणारे असते. ते डी8 ला जोडले, तर मॉड्यूलमधला ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) त्या पिनाला वर खेचतो आणि बोर्ड सुरू होईल याची खात्री राहत नाही. डी4 ला जोडले, तर सुरू होतानाच्या संदेशांमुळे रिले तडतडतो. डी1 आणि डी2, म्हणजे जीपीआयओ 5 आणि 4, हे दोन पिन त्या वेळी शांत असतात, म्हणून रिलेसाठी मी प्रथम त्यांचाच विचार करतो. ईएसपी32-सी3 मध्ये अशीच काळजी 2, 8 आणि 9 या पिनांबाबत घ्यावी लागते.

आपल्याकडे या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे, कारण लाइट जाते आणि घरात कोणी नसताना परत येते. त्या क्षणी बोर्ड नव्याने सुरू होणार, आणि पाण्याच्या मोटरचा रिले त्या दोन सेकंदांत काय करतो हे आधीच ठाऊक असले पाहिजे. राउटर उठायला बोर्डापेक्षा बराच अधिक वेळ घेतो, म्हणून वायफाय मिळाले नाही तर थांबून पुन्हा प्रयत्न करणारा प्रोग्रामही हवाच. मोटर थेट त्या लहान निळ्या रिलेवर चालवू नये. रिलेने कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या मोठ्या दमदार रिलेची, कॉइल चालवावी आणि ती जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी.

अँटेनाबाबत सध्या खूप विकल्या जाणाऱ्या ईएसपी32-सी3 सुपरमिनी बोर्डाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. साधारण 22 बाय 18 मिलिमीटरचा, टाइप-सी सॉकेट असलेला हा बोर्ड किमतीच्या मानाने अतिशय चांगला आहे. त्याच्या एका टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी सिरॅमिक अँटेना असते. काही लॉटांमध्ये ती चिपला घड्याळाचे ठोके देणाऱ्या क्रिस्टलच्या इतकी जवळ बसवलेली आढळते की राउटर शेजारच्या खोलीत असूनही जोडणी टिकत नाही. अशा बोर्डावर प्रक्षेपणाची शक्ती 8.5 डीबीएमपर्यंत (डीबीएम हे रेडिओ शक्तीचे माप) कमी केली की तो बऱ्याचदा जोडला जातो, पण गच्चीवरच्या टाकीसारख्या, मध्ये स्लॅब असलेल्या ठिकाणी असा बोर्ड मी नेणार नाही. तिथे बाहेरची अँटेना लावता येणारा सीड कंपनीचा झाओ ईएसपी32-सी3 बोर्ड किंवा बोर्डाच्या कडेला नागमोडी छापील अँटेना असलेला डी1 मिनी बरा. कोणताही बोर्ड पक्का बसवण्यापूर्वी प्रत्यक्ष जागी नेऊन सिग्नलचा आकडा वाचावा. उणे 70 डीबीएमपर्यंत काळजी नाही, उणे 80 च्या पुढे भरवसा नाही. पेटी प्लास्टिकची असावी, आणि अँटेनाच्या टोकाजवळ तारेची गुंडाळी किंवा सेल येऊ देऊ नये.

इतके झाल्यावर चिपची निवड सोपी होते. नव्या कामासाठी मी सामान्यतः ईएसपी32-सी3 सुचवतो, कारण तिच्यात ब्लूटूथ एलई (कमी वीज घेणारे ब्लूटूथ) आहे आणि यूएसबी चिपमध्येच असल्याने सीएच340 या वेगळ्या यूएसबी चिपचा ड्रायव्हर शोधावा लागत नाही. कॅमेरा किंवा पडद्याचे काम असेल तर ईएसपी32-एस3 घ्यावी. झिगबी किंवा थ्रेड (स्मार्ट घराच्या उपकरणांची कमी विजेची बिनतारी जाळी) हवे असेल तरच ईएसपी32-सी6 घेण्यात अर्थ आहे. मूळ ईएसपी32 अजूनही दमदार आहे, पण वायफाय चालू असताना तिच्या एडीसी2 गटातील पिनांवर (ॲनालॉग व्होल्टेज मोजणाऱ्या दोन गटांपैकी दुसरा) ॲनालॉग वाचन करता येत नाही, हे सेन्सर जोडण्यापूर्वीच लक्षात घ्यावे. जून 2022 मध्ये 6 डॉलरला आलेला रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू शिकण्यासाठी मला मनापासून आवडतो. त्याची कागदपत्रे नीटनेटकी आहेत, मायक्रोपायथन, म्हणजे लहान चिपांसाठीची पायथन भाषा, त्यावर सहज चालते आणि त्याचा पुरवठा 1.8 पासून 5.5 व्होल्टपर्यंत चालतो. महिनोन्महिने बॅटरीवर ठेवायच्या कामाला मात्र मी तो घेत नाही, कारण झोपेतही तो एक मिलिअँपिअरच्या आसपास घेतो.

हे सगळे बोर्ड फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर बोलतात. राउटरवर केवळ 5 गिगाहर्ट्झ चालू असेल, तर कितीही चांगला बोर्ड आणला तरी तो जोडला जाणार नाही. राउटर केवळ डब्ल्यूपीए3 या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल, तर आर्डुइनोतून चालवलेली ईएसपी8266 तिथे अडते.

गच्चीवरच्या टाकीसाठी आजही मी डी1 मिनीच घेतो, कारण तिथे 5 व्होल्टचा कायम पुरवठा असतो आणि जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सरलाही तेच 5 व्होल्ट लागतात. त्या सेन्सरच्या इको पिनाचे (परतलेल्या आवाजाची खूण देणाऱ्या) 5 व्होल्ट थेट चिपला न देता 1 किलोओहम आणि 2 किलोओहम अशा दोन रेझिस्टरांतून उतरवून द्यावेत. हा सेन्सर सुमारे 20 ते 25 सेंटिमीटरच्या आतले अंतर मोजू शकत नाही, म्हणून तो टाकी भरल्यावरच्या पाण्यापासून तेवढा उंच बसवावा. खरेदी करताना एकाच लॉटचे दोन बोर्ड घ्यावेत, म्हणजे बिघाड बोर्डात आहे की जोडणीत, हे अदलाबदल करून लगेच समजते. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलवर नवा बोर्ड पेटला नाही, तर तो परत करण्याआधी जुनी, एका टोकाला चौकोनी यूएसबी असलेली केबल लावून पाहावी. काही स्वस्त बोर्डांवर टाइप-सीसाठी लागणारे दोन रेझिस्टर बसवलेलेच नसतात.