जुनी आणि नवी आवृत्ती एकत्र नांदते तेव्हा

सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर चालत असेल, तर अपडेटच्या वेळी जुने बंद करायचे, नवे चढवायचे आणि मधल्या खंडाबद्दल वापरकर्त्यांकडे दिलगिरी व्यक्त करायची, एवढ्यावर भागते. तेच सॉफ्टवेअर कंटेनरच्या रूपात, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह बांधलेल्या आणि इतरांपासून वेगळ्या चालणाऱ्या प्रतींच्या रूपात, पन्नास सर्व्हरवर चालू लागले की सगळे एकदम बंद करण्याची सोय उरत नाही. अपडेट टप्प्याटप्प्याने पुढे सरकते आणि तेवढ्या काळात जुनी व नवी अशा दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी चालू असतात. एकाच वापरकर्त्याची पहिली विनंती नव्या आवृत्तीकडे आणि लगेच पुढची जुनीकडे जाऊ शकते. अपडेटमधले जे घोटाळे मी पाहिले आहेत, त्यांतले बहुतेक या सहवासाच्या काळातले आहेत. नवा कंटेनर सुरू करणे हा त्या मानाने सुटलेला प्रश्न आहे.

तो सुटण्याचे श्रेय मुख्यतः डॉकर या साधनाला जाते. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, सीग्रुप (प्रक्रियांच्या साधनवापरावर मर्यादा घालणारी) आणि नेमस्पेस (प्रक्रिया एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारी) या सोयी आधीपासून होत्या. २०१३ साली आलेल्या डॉकरने त्यांच्या जोडीला इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो तो साचा) तयार करण्याची व रजिस्ट्रीतून (इमेज साठवण्याच्या कोठारातून) वाटण्याची सुटसुटीत पद्धत दिली. पुढे गूगलने २०१४ मध्ये अनेक सर्व्हरवरचे कंटेनर सांभाळणारे कुबरनेटिस जाहीर केले आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. ‘या इमेजच्या दहा प्रती चालू असाव्यात’ एवढे आपण लिहून द्यायचे आणि प्रत्यक्ष स्थिती त्या लेखी स्थितीशी जुळवण्याचे काम यंत्रणेने अखंड करत राहायचे, हे त्याचे सूत्र आहे. डॉकर स्वार्म आणि नोमॅड हीदेखील याच वाटेवरची साधने आहेत.

लिहून देताना पहिली गफलत होते ती टॅगमध्ये. टॅग ही केवळ चिठ्ठी असते. ती आज एका इमेजवर आणि उद्या दुसऱ्या इमेजवर लावता येते. समजा, एखाद्याने दुरुस्ती करून नवी इमेज त्याच जुन्या टॅगने रजिस्ट्रीत चढवली. टॅग ‘लेटेस्ट’ नसेल, तर कुबरनेटिसचे मूळ धोरण इमेज सर्व्हरवर आधीच असल्यास ती पुन्हा न आणण्याचे आहे. त्यामुळे जुन्या सर्व्हरवर आधीचा कोड चालत राहतो, कालच जोडलेल्या सर्व्हरवर नवा कोड येतो आणि कोणत्याही पडद्यावर पाहिले तरी दोन्हीकडे टॅग एकच दिसतो. असा दोष शोधणे हे अत्यंत वैतागवाणे काम आहे. ‘लेटेस्ट’ वापरून सुटका होत नाही, कारण मग कंटेनर ज्या क्षणी सुरू झाला त्या क्षणी रजिस्ट्रीत जे होते, ते चालते. प्रत्येक बिल्डला (नव्याने बांधलेल्या इमेजला) स्वतंत्र टॅग द्यावा आणि प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरसाठी शक्यतो इमेजचा डायजेस्ट हा ओळख-आकडाच लिहावा, कारण तो इमेजच्या आशयावरूनच काढलेला असल्याने आशय बदलला की तोही बदलतो.

रोलिंग अपडेटचे, म्हणजे प्रती टप्प्याटप्प्याने बदलण्याचे, गणित एकदा हाताने करून पाहिलेले बरे. कुबरनेटिसमध्ये अपडेटच्या वेळी किती प्रती जास्तीच्या चालतील आणि किती कमी पडलेल्या चालतील, या दोन्ही मर्यादा मुळात २५ टक्के असतात. पहिली वरच्या पूर्णांकात धरली जाते, दुसरी खालच्या. दहा प्रती असतील तर एका वेळी जास्तीत जास्त तेरा असू शकतात आणि किमान आठ सेवेत राहतात. डेटाबेसच्या जोडण्यांची मर्यादा दहा प्रतींपुरतीच काटेकोरपणे बांधलेली असेल, तर या वरच्या तीन प्रती ऐन अपडेटच्या वेळी अडचण उभी करतात.

नव्या कंटेनरची तयारी तपासण्याबद्दल सगळेच लिहितात. जुना कंटेनर कसा थांबतो, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. कुबरनेटिस आधी सिगटर्म हा संदेश पाठवते, मुळात ३० सेकंदांची मुदत देते आणि मुदत संपली की सिगकिलने प्रक्रिया तोडते. आता कंटेनरचा आरंभ शेल स्क्रिप्टने होत असेल, तर त्यात क्रमांक १ ची प्रक्रिया म्हणजे ती शेल (स्क्रिप्टमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) असते आणि खरा प्रोग्रॅम तिचे अपत्य असतो. सिगटर्म शेलला मिळतो. तिने तो हाताळण्याची व्यवस्था केलेली नसेल, तर क्रमांक १ ला असलेल्या संरक्षणामुळे तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही, आणि प्रोग्रॅमपर्यंत तो पोहोचतच नाही. हातातली कामे आवरण्याचा कोड कितीही नीट लिहिलेला असला तरी तो चालत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रत्येक कंटेनर बंद व्हायला बरोबर ३० सेकंद घेतो (नुसत्या ‘डॉकर स्टॉप’ने १०). उपायही एका शब्दाचा आहे. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रॅमच्या नावाआधी ‘एक्झेक’ लिहिले की शेलची जागा प्रोग्रॅम घेतो.

एवढे करूनही काही विनंत्या तुटतात. सिगटर्म पाठवणे आणि विनंत्या कोणाकडे पाठवायच्या त्या यादीतून त्या कंटेनरचे नाव काढणे ही कामे एकाच वेळी सुरू होतात, आणि यादीतला बदल सर्व सर्व्हरपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. म्हणून संदेश येण्याआधी काही सेकंद नुसते थांबण्याची सूचना ‘प्रीस्टॉप’मध्ये लिहितात. दिसायला हा उपाय ओबडधोबड असला तरी तो काम करतो. थांबण्याचा हा वेळ त्याच ३० सेकंदांतून वजा होतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

सर्वांत अवघड भाग डेटाबेसचा आहे. एखाद्या रकान्याचे नाव बदलले की जुनी आवृत्ती त्याच क्षणी कोलमडते, आणि त्या वेळी ती निम्म्या सर्व्हरवर चालू असते. म्हणून हा बदल अनेक अपडेटमध्ये विभागावा लागतो: आधी नवा रकाना जोडायचा, मग दोन्हींत लिहायचे, जुनी माहिती नव्यात भरायची, वाचन नव्या रकान्यावर न्यायचे, आणि जुना रकाना वाचणारी वा लिहिणारी एकही प्रत उरली नाही याची खात्री झाली की तो काढायचा. घाईत असलेल्या व्यवस्थापकांना हे कंटाळवाणे वाटते आणि ते खरोखर कंटाळवाणे आहे. पण रोलबॅकची, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर परत जाण्याची, आशा याच शिस्तीवर टिकून असते. रोलबॅकची आज्ञा डिप्लॉयमेंटची (कोणत्या इमेजच्या किती प्रती हव्यात हे सांगणाऱ्या त्या लेखी नोंदीची) आधीची व्याख्या परत आणते, डेटाबेसला ती हातही लावत नाही. नंतर हाताळण्यासाठी रांगेत ठेवलेल्या कामाच्या संदेशांचेही तसेच आहे: नव्या आवृत्तीने नव्या स्वरूपात लिहून ठेवलेला संदेश रोलबॅकनंतर जुन्या आवृत्तीच्याच पुढ्यात येतो.

शिवाय रोलबॅक आपोआप होईल, असे अनेक जण धरून चालतात. कुबरनेटिसमध्ये अपडेट १० मिनिटे पुढे सरकले नाही, तर ते अयशस्वी झाल्याची नोंद होते आणि त्यापलीकडे डिप्लॉयमेंट स्वतःहून मागे फिरत नाही. स्वार्म मुळात अपडेट तिथेच थांबवतो. मागे फिरायला हवे असल्यास तसे सेवेच्या व्याख्येत सांगावे लागते. त्यामुळे अर्धवट अडकलेले अपडेट कोणाच्या नजरेस पडेपर्यंत दोन्ही आवृत्त्या रात्रभरसुद्धा एकत्र चालू राहू शकतात, आणि त्या नोंदीवर इशारा लावणे हे पहिल्या अपडेटच्या आधीचे काम आहे.