गणपतीच्या कारखान्यात दोन फ्लॅश, एप्रिल ते ऑगस्ट २०२५ ची नोंद

मागच्या वर्षीपासून डोक्यात होतं की पेणजवळच्या जोहे-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत जाऊन आखणीचे फोटो काढायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढतात ते. आणि ते फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून, नीट लायटिंग करून काढायचे. पाच महिने जमेल त्या रविवारी गेलो. काय जमलं, काय नाही ते तारखेप्रमाणे लिहितोय, माझ्यासारखं दोन स्वस्त मॅन्युअल फ्लॅश घेऊन सुरुवात करणाऱ्याला उपयोग होईल. सामान असं: निकॉन डी७५००, ३५ आणि ५० ची लेन्स, गोडॉक्स टीटी६०० दोन, आणि जूनपासून एक्सप्रो ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून लांबचे फ्लॅश रेडिओने उडवणारं यंत्र. छत्री एक, स्टँड दोन, बाकी सगळं घरातलं.

६ एप्रिल

रामनवमी होती, तरी कारखाना चालू. आत कच्च्या मूर्ती रांगेने, बाहेर अंगणात उन्हात वाळत ठेवलेल्या. तेव्हा एकच फ्लॅश होता आणि तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर. अंगणात ऊन कडक, मला मागचं आभाळ गडद हवं होतं म्हणून शटर १/१००० सेकंद केलं, फ्लॅश पूर्ण ताकदीवर, आणि फोटोत अर्ध्याहून जास्त भाग फ्लॅशशिवायच, नुसता पट्टा कुठे तरी उजळलेला. घरी आल्यावर कळलं. डी७५०० चा सिंक स्पीड, म्हणजे ज्या शटरपर्यंत फ्लॅश पूर्ण फोटोवर पडतो तो, १/२५०. तिथपर्यंत एक क्षण असा येतो की शटरचा पहिला पडदा पूर्ण उघडलेला आहे आणि दुसरा अजून निघालेला नाही, फ्लॅश त्या क्षणात उडतो. त्याच्यापुढे गेलं की दोन पडद्यांमधली फट सेन्सरवरून सरकत जाते, मग फ्लॅशचा उजेड फक्त त्या फटीपुरता मिळतो. एरवी कॅमेरा आपल्याला १/२५० च्या वर जाऊच देत नाही, पण टीटी६०० ला मधली एकच पिन आहे, वर फ्लॅश बसलाय हे कॅमेऱ्याला समजतच नाही, त्यामुळे तो अडवत नाही. हे आधी माहीत असतं तर चाळीस फोटो वाचले असते.

४ मे

दुसरा फ्लॅश घेतला. ट्रिगर अजून नव्हता, म्हणून ऑप्टिकल स्लेव्हवर काम भागवायचं ठरवलं. टीटी६०० मध्ये एस१ आणि एस२ असे दोन मोड आहेत, दुसरा कुठलाही फ्लॅश दिसला की हा उडतो. कॅमेऱ्यातलाच छोटा पॉप-अप फ्लॅश वर केला, दोन्ही फ्लॅश एस१ वर, क्लिक केलं, डोळ्यांना दोन्ही उडालेले दिसले, फोटोत मात्र काहीच नाही. परत केलं, परत तेच. तासभर मी बॅटरी, स्टँड, कोन, सगळं बदलून बघितलं.

कारण साधं होतं. पॉप-अप टीटीएलवर होता. टीटीएल म्हणजे खऱ्या फ्लॅशच्या आधी कॅमेरा एक छोटा चाचणीचा फ्लॅश सोडतो, एक्स्पोजर मोजायला. आपल्या डोळ्याला ते दोन वेगळे दिसत नाहीत. पण एस१ वरचा फ्लॅश त्या पहिल्यालाच उडून जातो आणि शटर उघडेपर्यंत काम संपलेलं असतं. एस२ तो पहिला झटका सोडून देतो. किंवा मग मेनूत जाऊन पॉप-अपच मॅन्युअल करायचा, पूर्ण ताकदीच्या १/१२८ वर, म्हणजे तो फोटोत फारसा दिसतही नाही, नुसता इशाऱ्यापुरता. मी दुसरा उपाय धरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा बाजूने आलेला उजेड मूर्तीच्या सोंडेवर बघितला. सोंडेची गोलाई, पोटावरची घडी, सगळं एकदम वर आलं. तेवढ्यासाठी ती उन्हातली फेरी वसूल.

दुपारी अजून एक जण फोटो काढायला आला, त्याच्या प्रत्येक क्लिकला माझे फ्लॅश उडायला लागले. त्याचेही फोटो बिघडले असणार, मी माफी मागून बंद केले. कारखान्यात, लग्नात, जिथे दुसरा कॅमेरा असेल तिथे ऑप्टिकल वापरू नका एवढं कळकळीने सांगतो.

८ जून

एक्सप्रो आला. आता रेडिओ, २.४ गिगाहर्ट्झ, फ्लॅश रॅकच्या मागे लपवला तरी उडतो आणि सगळ्यात मोठं म्हणजे प्रत्येक फ्लॅशची पॉवर कॅमेऱ्यावर उभं राहून बदलता येते. ए ग्रुप मुख्य, बी ग्रुप मागचा. बटण दाबायचं, डायल फिरवायचा. आधी दर वेळी मूर्तींमधून वाट काढत स्टँडपर्यंत जायचो, ओल्या रंगाच्या मूर्तींना बॅग लागेल याची भीती, आता ते संपलं.

पहिल्या दिवशी गडबड झालीच. फ्लॅश दीड हातावर असेल तर कधी उडायचा कधी नाही, लांब नेला की नीट. बघितलं तर ट्रिगरमध्ये अंतराचं सेटिंग आहे, १ ते १०० मीटर किंवा ० ते ३० मीटर, माझं पहिल्यावर होतं. कारखान्यात सगळं काम जवळचं, ० ते ३० च पाहिजे. आयडीही सेट केला, म्हणजे त्याच चॅनेलवर दुसऱ्या कोणाचा ट्रिगर आला तरी माझे फ्लॅश उडणार नाहीत. ट्रिगरमध्ये स्कॅन आहे, आजूबाजूच्या वायफायच्या गर्दीत मोकळा चॅनेल कुठला ते तोच दाखवतो. आयडी, चॅनेल, ग्रुप हे मी आता मार्करने चिकटपट्टीवर लिहून प्रत्येक फ्लॅशला लावलंय.

ट्रिगर आल्यामुळे हायस्पीड सिंकही मिळाला, म्हणजे १/२५० च्या पुढेही फ्लॅश वापरायची सोय. टीटी६०० कॅमेऱ्यावर बसवला तर तो मिळत नाही, ट्रिगरवरून लांब ठेवला तर मिळतो. कॅमेऱ्यात ऑटो एफपी चालू करायचं. यात फ्लॅश एकदा न उडता शटरची फट सरकत असेपर्यंत सलग झटके देत राहतो, त्यामुळे ताकद बरीच जाते. अंगणात पाऊस थांबून ऊन आलं होतं तेव्हा करून बघितलं, १/१००० ला पूर्ण पॉवर देऊनही छत्रीशिवाय, मीटरभरावर, कसाबसा पुरला. यंदा पाऊस मे मध्येच आल्यामुळे अंगणात मूर्ती ठेवायचे दिवसच थोडे होते. माझ्या मते एका छोट्या फ्लॅशने कोकणातल्या उन्हाशी झगडू नये, संध्याकाळची वाट बघावी.

२९ जून, ट्यूबलाइटचा दिवस

हा दिवस पूर्ण रंगाच्या भानगडीत गेला पण सगळ्यात जास्त शिकलो तोही याच दिवशी. या कारखान्यात अजून चोकवाल्या जुन्या ट्यूब आहेत. १/२५० ला लागोपाठ तीन फोटो काढले, तिन्हींचा रंग वेगळा, एक हिरवट, एक पिवळट, एक काळसर. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते, १/२५० मध्ये त्या चढउताराचा एक तुकडाच सापडतो आणि दर वेळी वेगळा. १/१०० किंवा १/५० ठेवलं की पूर्ण फेरी पकडली जाते आणि फोटो सारखे येतात. मी १/५० वर गेलो.

मग दुसरं. फ्लॅशचा उजेड उन्हासारखा, ट्यूबचा हिरवट. फ्लॅश लागलेला गाल ठीक आणि मागची भिंत शेवाळल्यासारखी. लॅपटॉपवर भिंत सुधारली की मूर्ती जांभळी. हे नंतर सुधारत नाही, तिथेच सुधारावं लागतं. फ्लॅशवर हिरव्या जेलचा, म्हणजे रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा, तुकडा लावला, ट्यूबच्या जवळ जाईल इतपत, म्हणजे सगळाच उजेड एकसारखा हिरवट झाला, आणि मग ग्रे कार्ड, म्हणजे करड्या रंगाचं कार्ड, मूर्तीपाशी धरून व्हाइट बॅलन्स घेतला, म्हणजे या उजेडात करडं-पांढरं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला दाखवलं. एका झटक्यात सगळं जागेवर. ज्या कारखान्यात एलईडी ट्यूब आहेत तिथे हिरवा कमी आणि निळा जास्त निघाला, तिथे फिका निळा जेल चालला. म्हणून आता गेल्या गेल्या पहिलं काम, वर बघायचं, कुठली ट्यूब आहे.

१३ जुलै

रंगाची गन चालू होती, कॉम्प्रेसरवर. मूर्तीच्या अंगाचा रंग उडवत होते आणि हवेत जो धुरळा उठतो तो मला हवा होता. बी ग्रुप मूर्तीच्या मागे, थोडा वर, लेन्सकडे तोंड करून पण मूर्तीच्या आड, पॉवर १/६४. ए बंद. छोट्या पॉवरचा फायदा असा की फ्लॅश कमी वेळ पेटतो. पूर्ण पॉवरला टीटी६०० साधारण १/३०० सेकंद, सगळ्यात कमीवर १/२०,००० पर्यंत. गोठवायचं काम शटर करत नाही, फ्लॅशचा तो छोटा वेळ करतो, बाकी उजेड फोटोत येऊ द्यायचा नाही एवढंच बघायचं, म्हणून इथे परत १/२५० आणि लेन्सचं छिद्र एफ/८. थेंब थेंब वेगळा आला. मागून उजेड असेल तरच हा धुरळा दिसतो, समोरून मारला तर नुसतं धुकट. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत, पुढे भोक पाडून, तरी घरी येऊन तासभर रंग पुसत बसलो.

सेलबद्दल इथेच लिहितो. साधे अल्कलाइन पेन्सिल सेल टाकले होते, वीसेक फ्लॅशनंतर चार्ज व्हायला वेळ लागायला लागला आणि गरमही झाले. आता एनेलूपच्या रिचार्जेबल सेलचे चार चारचे तीन सेट आहेत, प्रत्येक सेटवर अ, ब, क लिहिलंय, चारही एकत्रच वापरायचे आणि एकत्रच चार्ज करायचे. रिचार्जेबलचा व्होल्टेज कागदावर कमी असतो, १.२, पण एकदम जास्त करंट द्यायला तेच बरे.

२७ जुलै

आखणीला परवानगी मिळाली. आखणी करणारे काका साठीच्या पुढचे, चष्मा, हातात अगदी बारीक ब्रश. मी माझ्या अभ्यासाप्रमाणे छत्री उजवीकडे लावली कारण तिथे जागा होती. पहिला फोटो काढायच्या आधीच ते म्हणाले, "दादा, इकडून उजेड नको, हाताची सावली डोळ्यावर पडते." मी म्हटलं काका, तो क्षणभरच उडणार. तर म्हणाले, "तुमचा क्षणभर, पण फोटोत तर सावली राहीलच ना."

बरोबरच होतं. मग मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि अर्धा तास नुसतं ते कसे बसतात ते बघितलं. उजव्या हाताने काम, म्हणून ट्यूब डावीकडे आणि थोडी वर. मूर्ती पाटावर, आणि प्रत्येक डोळ्याला ते स्वतः हलत नाहीत, पाट फिरवतात, म्हणजे डोळा कायम त्याच उजेडात येतो. माणसाने इतक्या वर्षांत स्वतःचं लायटिंग तिथे करून ठेवलेलं आहे आणि मी माझं वेगळं घेऊन आलो होतो. छत्री काढली. ट्यूबच्या शेजारी, त्याच उंचीवर, एक जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं आणि ए फ्लॅश त्या धोतरावर मारला. फ्लॅशपासून कापड दोन फूट, कापडापासून मूर्ती तीन फूट. आता ट्यूबचा उजेड आणि माझा उजेड एकाच बाजूने.

कापडाचा अजून एक फायदा झाला तो सोनेरी रंगाचा. मुकुटावर, दागिन्यांवर सोनेरी मारतात तो आरशासारखा वागतो, त्यात दिवा जेवढा तेवढाच चटका दिसतो. उघडा फ्लॅश असेल तर टाचणीएवढे पांढरे ठिपके, सोनं कुठेच नाही. मोठं कापड असलं की तेच कापड मुकुटात पसरून दिसतं आणि सोनं सोन्यासारखं. काकांच्या चष्म्यात मात्र ते कापडही दिसत होतं, ते मी सहा इंच वर सरकवलं तेव्हा गेलं.

१० ऑगस्ट

गणपती २७ ला, म्हणजे कारखान्यात श्वास घ्यायला वेळ नाही. मला वीस मिनिटं मिळाली. आता माझी पद्धत ठरलीय: दोन्ही ग्रुप बंद करून आधी नुसत्या ट्यूबचा फोटो, तो साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाचा, येईल असं करायचं. मग फक्त ए. मग ए बंद करून फक्त बी. दोन्ही वेगवेगळे पटले की मगच एकत्र. एकत्र लावून काय चुकतंय ते शोधत बसलं की संध्याकाळ होते. शटर फक्त ट्यूबचा उजेड कमी-जास्त करतं, फ्लॅशवर त्याचा काही परिणाम नाही, आणि छिद्र दोन्हीवर, हे एकदा हातात बसलं की ट्रिगरचा डायल न बघता फिरतो.

त्या दिवशीचे आकडे: १/५० सेकंद, एफ/४, आयएसओ ४००, ५० ची लेन्स, ए ग्रुप धोतरावर १/३२, हिरवा जेल. बी मागच्या रॅकवर १/१२८ ला लावला होता, कानाच्या कडेला बारीक रेघ यावी म्हणून. तीन फोटो काढून बघितले आणि बी बंद केला. रेघ छान होती पण नजर तिकडे जात होती, आणि डोळ्याची रेघ ओढली जात असताना कानाकडे कशाला बघायचं.

फ्लॅश कधी मारायचा तेही आमचं ठरलं. ब्रश टेकलेला असताना मारायचा नाही. काका रेघ पूर्ण करून श्वास सोडतात आणि ब्रश केसभर वर धरून बघतात, तेव्हा. तेवढ्या वेळात हात अगदी स्थिर असतो, म्हणून १/५० लाही हलल्याची छाया येत नाही. त्या वीस मिनिटांत अकरा फोटो काढले. नवव्यात बुबुळ नुकतंच पूर्ण झालंय, ओलं आहे, त्याच्यात धोतराचा पांढरा चौकोन आणि त्याच्या कडेला ट्यूबची रेघ दिसते.

१६ ऑगस्टला प्रिंट घेऊन गेलो, बारा बाय अठरा. काकांनी लांब धरून बघितला, मग चष्मा काढून जवळून, बराच वेळ. म्हणाले डाव्या डोळ्याची खालची रेघ जाड झालीय, ती मूर्ती गेली का बघा रे. मूर्ती कोपऱ्यात तशीच होती. पाटावर घेतली, ट्यूबखाली फिरवली आणि रेघ नीट केली. मी कॅमेरा नेला नव्हता.