तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी, मुलं आणि संस्थेचं काम

"नोकरी, मुलं आणि वर संस्थेचं काम, हे जमवता तरी कसं?" हा प्रश्न पुरुष कार्यकर्त्यांना सहसा कोणी विचारत नाही, पण ते असो. सगळं जमत नाही. काय सोडायचं ते आधी ठरवलं तर उरलेलं जमतं, आणि ते ठरवायला बेरीज करावी लागते.

आठवड्याचे तास 168. रोजची आठ तास झोप धरली तर 56 गेले. नोकरी आणि जाण्यायेण्याचे 55. स्वयंपाक, कपडे, अभ्यास, मुलांना आणणं-सोडणं याला दिवसाला पाच तास धरले तरी 35. उरले 22, आणि तेही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. म्हणून संस्थेतलं कोणी "आठवड्याला फक्त दोन तास" म्हणालं की आपण चार धरावेत. बैठक दोन तासांचीच असते. पण तिथवर जाणं, इतिवृत्त लिहिणं, ग्रुपवरच्या मेसेजना उत्तरं देणं कोणी मोजत नाही. दमछाक होते ती या शेपटामुळे.

काम घेताना ते वेळेला बांधलेलं आहे की मुदतीला, हे बघा. शनिवारी दहा वाजता मुलांना शिकवायला जाणं हे वेळेचं काम. पत्रक तयार करणं मुदतीचं. मूल लहान असेल तर मुदतीचं काम बरं, कारण ऐनवेळी ताप आला तरी कोणाचा खोळंबा होत नाही. मात्र ते रात्री अकरानंतर ढकललं जातं आणि झोप खातं. त्यावर उपाय म्हणजे स्वतःची मुदत खऱ्या मुदतीच्या चार दिवस आधीची ठेवायची. मुलं मोठी झाली की वेळेचं काम घ्यावं, त्यांना सोबतही नेता येतं. खजिनदारपद मात्र शक्यतो टाळा. हिशेबाला सुट्टी नसते, आणि ऑफिसचं आणि संस्थेचं वर्ष एकाच महिन्यात संपत असेल तर हाल विचारू नका.

नकार त्याच दिवशी द्यावा. "बघते, जमलं तर" हे उत्तर सगळ्यात महाग पडतं, कारण समोरचा ते होकारातच धरतो.

आता घर. इथे बहुतेकींचं गणित एकाच ठिकाणी चुकतं: काम वाटलं जातं, पण लक्षात ठेवणं आपल्याकडेच राहतं. मुलाचं लसीकरण घ्या. "उद्या याला डॉक्टरकडे ने" एवढं सांगितलं तर काम निम्मंच सुटलं. तारीख लक्षात ठेवणं, वेळ घेणं, कार्ड शोधून पिशवीत टाकणं, रात्री ताप आला तर बघणं आणि दुसऱ्या दिवशीची रजा, हे सगळं मिळून एक काम. ते अख्खं नवऱ्याकडे द्यायचं आणि आठवण करायची नाही. सुरुवातीला चुका होतील. चित्रकलेची वही घरी राहिली तर राहू दे. औषध आणि शाळेतून आणण्याची वेळ या बाबतीत मात्र प्रयोग नकोत.

रविवारी वीस मिनिटं दोघांनी बसून पुढचा आठवडा बघायचा: कोणाला कधी उशीर होणार, मुलांना कोण आणणार, शाळेत काय द्यायचंय. कॅलेंडर दोघांचं एकच हवं. नोंदीत "बैठक, 6 वाजता" पुरत नाही. "परत 8:30, जेवण कोण वाढणार" हेही लिहा. मूल आजारी पडलं तर कोणाला फोन करायचा अशी तीन नावं दाराशी लावलेली हवीत, आणि त्या तिघांना आधी विचारलेलं हवं.

संस्थेचं पद घेतानाच वर्षभरानंतरची सोडण्याची तारीख सांगून टाका. तीन महिने उरले की बदली माणूस शोधायला लावा. त्याच्यासाठी दोन पानं लिहून ठेवा: किल्ल्या कोणाकडे, पासवर्ड कुठे, कोणाचा फोन कधी लागतो, काय अर्धवट आहे. ती पानं पहिल्या महिन्यापासूनच लिहीत गेलात तर मधेच आठवडाभर गैरहजर राहावं लागलं तरी काम अडत नाही.