हेब्रॉनचा प्रभाग

महापालिकेची निवडणूक लागली की पुण्यात कट्ट्यावर पहिला प्रश्न असतो: प्रभाग किती जणांचा? २०१२ला दोनचा होता, २०१७ला चारचा झाला आणि कित्येकांची गणितं बिघडली. अरब जगात लोकशाही रुजवायला निघालेल्या अमेरिकेचं लक्ष मात्र मतांच्या जागा कशा होतात यापेक्षा मतदानाच्या तारखेवरच जास्त राहिलं. तेव्हाच्या अमेरिकी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस यांनी जून २००५मध्ये कैरोत कबुली दिली होती, की साठ वर्षं आम्ही लोकशाहीपेक्षा स्थैर्याला महत्त्व दिलं आणि हाती दोन्ही लागलं नाही. सात महिन्यांनी पॅलेस्टाइनच्या विधिमंडळ निवडणुकीचा निकाल आला.

२५ जानेवारी २००६. एकूण १३२ जागा, त्यातल्या ६६ पक्षाच्या यादीवर, मतांच्या प्रमाणात, आणि ६६ सोळा जिल्ह्यांतून. यादीत हमास या इस्लामी संघटनेला ४४ टक्के मतं नि २९ जागा, सत्ताधारी फताह पक्षाला ४१ टक्के नि २८. म्हणजे जवळपास बरोबरीच. जिल्ह्यांत मात्र ४५ विरुद्ध १७!

आपल्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात, त्यामुळे बंडखोर उभा राहिला तर तो एकच जागा पाडतो. तिकडे जिल्ह्यातले सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर. जितक्या जागा तितकी मतं द्यायची आणि सर्वाधिक मतांचे तितके जण निवडून येणार. हमासने मोजके उमेदवार दिले आणि मतदारांनी अख्खं पॅनल चालवलं. फताहचे नाराज लोक अपक्ष म्हणून उभे राहिले, मतं विखुरली. (अर्ज मागे घ्यायच्या दिवशी बंडोबांना थंड करणं ही किती महत्त्वाची कला आहे, ते आपल्याला सांगायला नको.) हेब्रॉन जिल्ह्यात ९ जागा होत्या, नऊच्या नऊ हमासकडे गेल्या. सगळ्या जागा यादीनेच भरल्या असत्या तर हमास ५८च्या आसपास अडकली असती. बहुमताला ६७ लागत होत्या. आणि हा कायदा फताहचंच वर्चस्व असलेल्या विधिमंडळाने २००५मध्ये केलेला.

मतदान नीट पार पडल्याचं अमेरिकेच्याच कार्टर सेंटरसारख्या निवडणूक निरीक्षक संस्थांनी सांगितलं. तरीही हमासचं सरकार आल्यावर अमेरिकेने त्याची मदत थांबवली.

इराकमध्ये चूक उलट्या बाजूने झाली. ३० जानेवारी २००५च्या निवडणुकीत जनगणनेअभावी अख्खा देश एकच मतदारसंघ धरला, जागा २७५. सुन्नींचा बहिष्कार, त्यात हिंसाचार. सुन्नीबहुल अन्बार प्रांतात मतदान जेमतेम २ टक्के. प्रांतवार जागा असत्या तर मतदान कितीही कमी झालं तरी अन्बारचा वाटा अन्बारलाच राहिला असता. डिसेंबरच्या निवडणुकीत १८ प्रांतांना २३० जागा वाटून ही चूक सुधारली खरी, पण तोवर राज्यघटना लिहून तिच्यावर ऑक्टोबरात सार्वमतही झालं होतं.

इजिप्तमध्ये तर पद्धतीचा प्रश्नच उरला नाही. २००५च्या संसद निवडणुकीच्या शेवटच्या टप्प्यात पोलिसांनी कित्येक मतदान केंद्रांची वाटच अडवली, तरी मुस्लिम ब्रदरहूड या विरोधी इस्लामी संघटनेचे ८८ जण अपक्ष म्हणून निवडून आले. अमेरिकेची वर्षाची १३० कोटी डॉलरची लष्करी मदत मात्र चालूच राहिली.