कंदिलातलं तेल आणि खेळणाऱ्याचा वेळ

ठाण्यात चरईतल्या एका जुन्या वाड्यावर बेतलेला, निव्वळ मजकुराचा गेम मी मराठीत लिहिला. चित्रं नाहीत, आवाज नाही. वर्णन वाचायचं आणि 'दार उघड' असं टाइप करायचं. विल क्राउदरने १९७६ च्या सुमारास लिहिलेला आणि १९७७ मध्ये डॉन वूड्सने वाढवलेला 'अ‍ॅडव्हेंचर' हा या प्रकारातला मूळपुरुष. त्यातल्या दिव्याची बॅटरी ठराविक चालींनंतर संपते. मला ते भारी वाटायचं, म्हणून माझ्या कंदिलातही मोजून तेल घातलं.

पहिल्यांदा खेळायला बसवलं कोपरीच्या मावशीला. कोडी सोडवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण ती लिहायची 'कंदील घेते', आणि गेमला फक्त 'घे' ठाऊक. मग तिने 'कंदिलात तेल ओत' लिहिलं, तर उत्तर आलं, 'अशी वस्तू इथे नाही.' कंदील समोर ठेवलेला! प्रत्यय लागला की 'दी'चा 'दि' होतो, आणि शब्दयादीत नुसता 'कंदील' होता.

"अगं, हा मराठी शिकलाय कुठे?" मावशी.

मग प्रत्येक नामाचं सामान्यरूप यादीत घातलं. घे, घ्या, घेतो, घेते सगळं एकच धरलं. कोडी रचण्यापेक्षा याच हमालीत जास्त वेळ गेला. पण नेमका शब्द हुडकत बसणं याला मी तरी कठीणपणा म्हणत नाही. तो नुसता ताप.

तेलाचं प्रकरण जरा वेगळं. भाचा माडीवर रमला, फडताळं उचकत बसला, आणि तळघरात उतरला तेव्हा कंदील विझला. आता जिंकणं अशक्य, पण गेम तसं सांगतही नव्हता. असे गेम लिहिणाऱ्या अँड्रू प्लॉटकिनने १९९६ मध्ये त्यांच्यासाठी दयाळू ते क्रूर अशी पाच पायऱ्यांची पट्टी केली. कोडं किती अवघड हे ती मोजत नाही; गेम हातचा गेल्याचं खेळणाऱ्याला कळतं का, हे मोजते. त्या पट्टीवर माझा गेम थेट तळाला.

तेलाची मर्यादा काढून टाकली, तर तळघराची भीतीच गेली. लोक कोनाडा न् कोनाडा निवांत तपासू लागले. शेवटी मर्यादा परत आणली, पण स्वयंपाकघरात रॉकेलचा डबा ठेवला आणि तेल संपत आलं की ज्योत फडफडते असं दाखवलं. आता तळघरातून वर यावं लागतं, पहिल्यापासून खेळावं लागत नाही.

'मागे' लिहिलं की शेवटची चाल रद्द होते, हवी तितक्यांदा. ऑफिसमधला एक मित्र यावर नाराज आहे. म्हणतो, मग विहिरीत पडण्याला अर्थ काय? माझं म्हणणं, लोक विहिरीपाशी गेम सेव्ह करून ठेवतातच, मी त्यांचं तेवढं टायपिंग वाचवलं.

अडलेल्याला थोडं थोडं सुचवण्याची कल्पना इन्फोकॉमची. ऐंशीच्या दशकात मजकुराचे गेम काढणारी ही कंपनी अदृश्य शाईत छापलेल्या पुस्तिका विकायची. खास पेन फिरवलं की तेवढीच ओळ उमटे. माझी 'मदत'ही टप्प्याटप्प्याने उलगडते. मावशी पहिल्या टप्प्यापुढे जात नाही, भाचा थेट शेवटच्या टप्प्यावर पोचतो. दोघांचंही मला चालतं.

नकाशा मात्र दिलेला नाही, देणारही नाही. वाडा डोक्यात बसवणं हाच तर खेळ आहे.