सँडबॅकची भाऊबंदकी

मँचेस्टरहून एम 6 ने खाली बर्मिंगहॅमकडे येताना सँडबॅक लागतं, हायवेवर चहा पिऊन सगळे पुढे निघतात, गावात कोणी शिरत नाही. पण एवढ्याशा गावात लॉऱ्या बनवणारे दोन कारखाने होते आणि दुसरा निघाला तो चक्क भाऊबंदकीतून!

पहिला फोडेन. यांच्या लॉऱ्या वाफेवर चालायच्या. इथे दरवर्षी जुन्या गाड्यांची जत्रा भरते तिथे एक जवळून बघितली, पुढे रेल्वे इंजिनासारखा आडवा बॉयलर, वर धुरांडं, मागच्या चाकांना जाडजूड साखळी, आणि ड्रायव्हर वेगळा, कोळसा टाकणारा वेगळा. शेजारी नुसतं उभं राहिलं तरी गाल भाजतात.

तर मालकाचा मुलगा एडविन रिचर्ड म्हणायला लागला की आता डिझेलचे दिवस आलेत. 1931 ला एक डिझेल लॉरी काढलीसुद्धा, पण घरच्यांचा जीव वाफेतच अडकलेला. शेवटी गडी वैतागून बाहेर पडला आणि नातवंडं खेळवायच्या वयात 1933 ला मुलाला, डेनिसला, घेऊन त्याच गावात स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांची (एडविन रिचर्ड फोडेन) ईआरएफ कंपनी सुरू केली. पहिल्या लॉरीचा चॅसी नंबर 63, कारण साहेबांचं वय 63! तिकडे सरकारने जड गाड्यांवर कर वाढवला, वाफेच्या लॉऱ्यांचं कंबरडंच मोडलं, मग दुसऱ्या भावाला, विल्यमला, 1935 ला ऑस्ट्रेलियाहून परत बोलवून फोडेनला सावरायला लागलं.

मला ईआरएफवाले जास्त हुशार वाटतात. इंजिन गार्डनरचं, गिअरबॉक्स डेव्हिड ब्राऊनचा, ॲक्सल लीड्सच्या कर्कस्टॉलचे, आपण फक्त नीट जोडायचं. फोडेनला सगळं घरातच करायची हौस, पुढे तर टू-स्ट्रोक डिझेल इंजिनपण स्वतःचं. 1950 ला मागे इंजिन असलेली बस काढली, तेव्हा इथे फारसं कोणी तसं करत नव्हतं, पण बसमध्ये काही जम बसला नाही, 70 च्या दशकातल्या डबलडेकर तर दहासुद्धा झाल्या नाहीत.

1980 ला फोडेन पॅकार या अमेरिकन ट्रक कंपनीने घेतली, 2000 ला ईआरएफ मॅन या जर्मन ट्रक कंपनीकडे गेली, आणि 2006-07 मध्ये दोन्ही नावं बंद. फोडेनच्या कामगारांचा 1900 सालचा ब्रास बँड मात्र अजून स्पर्धा जिंकतोय, इकडे आलात तर त्याचं तिकीट काढाच.